ओट्यापासून आठ पावलांवरचा पियानो: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो येऊन आता दोन वर्षे झाली. तो बाहेरच्या खोलीत आहे, पण बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसल्यामुळे गॅसच्या ओट्यापासून त्याचे अंतर जेमतेम आठ पावले भरते. वाद्य घेण्यापूर्वी मी बरेच अभिप्राय वाचले होते. त्यांत पट्ट्यांचे वजन, आवाजाचा पोत, स्पीकरची ताकद अशा सगळ्या गोष्टींची चर्चा होती. पण पलीकडे कांदा परतत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हे वाद्य कसे आहे, याविषयी कोणीच काही लिहिले नव्हते. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि मुलांच्या सरावाची वेळही तीच असते, त्यामुळे ही बाजू मला चांगलीच ठाऊक झाली आहे.

मत आधीच सांगून टाकतो. घरात शिकणारी मुले असतील तर हे वाद्य जरूर घ्यावे, पट्ट्यांच्या दर्जात तडजोड करू नये, आणि ते स्वयंपाकघरातून ऐकू येईल अशा जागी ठेवावे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते सुरुवातीच्या श्रेणीतल्या, पण वजनदार पट्ट्या असलेल्या बहुतेक डिजिटल पियानोंना लागू पडते.

तारांचा खरा पियानो आम्ही घेतला नाही, याला जागेपेक्षा स्वयंपाकघर जास्त कारणीभूत होते. अशा पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा आवाज वाढवणारी मोठी लाकडी फळी असते. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की ही फळी फुगते किंवा आकसते, तारांचा ताण बदलतो आणि वाद्य सुरातून उतरते. म्हणूनच वर्षातून एक-दोन वेळा जाणकाराला बोलावून ते सुरात लावून घ्यावे लागते. रोज संध्याकाळी जिथे वाफ उठते त्या जागेजवळ असे वाद्य ठेवणे मला पटेना. शिवाय उभ्या ठेवणीच्या साध्या पियानोचे वजनसुद्धा २०० किलोच्या पुढे जाते. आमचा डिजिटल पियानो १२ किलोच्या आसपास आहे, मी आणि थोरली मिळून तो सहज उचलतो. त्याच्या पोटात खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित सूर साठवलेले असल्यामुळे ऋतू कोणताही असो, मधल्या सप्तकातला ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झवरच मिळतो.

वाफेची भीती मात्र यालाही आहे. पहिल्या महिन्यात आम्ही तो ओट्यापासून पाच पावलांवर ठेवला होता, तेव्हा पंधरा दिवसांतच काळ्या पट्ट्यांवर बोट फिरवले की चिकट लागू लागले. तेलाचा तो बारीक थर मऊ फडके पाण्यात घट्ट पिळून पुसला की निघतो. स्पिरिट किंवा काच पुसायचे द्रावण प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर अजिबात वापरू नये. त्यानंतर तो तीन पावले मागे सरकला, त्याला सुती आच्छादन मिळाले आणि तेव्हापासून तक्रार नाही.

आता पट्ट्यांविषयी, कारण या वाद्याचा जीव तिथेच आहे. इसवी सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने तारेवर हातोडी मारणारे वाद्य बनवले आणि त्यामुळे बोटाच्या जोरानुसार हळू किंवा मोठा सूर काढणे शक्य झाले. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण चांगल्या प्रतीच्या वाद्यात प्रत्येक पट्टीला एक छोटी हातोडी जोडलेली असते. ती आवाज काढत नाही, फक्त बोटाला खऱ्या वाद्यासारखा भार देते. हा भार डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्यांना जास्त आणि उजवीकडे कमी कमी होत जातो. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात, पट्टी खाली जाताना एक आधी मिटतो आणि दुसरा नंतर, आणि या दोहोंमधल्या वेळेवरून वाद्य ठरवते की बोट किती जोरात पडले. वेळ कमी असेल तर सूर मोठा, जास्त असेल तर हळुवार.

हे सगळे मला माहितीपुस्तिकेतून कळले नाही, बिघाडातून कळले. एका संध्याकाळी मधल्या सप्तकातली ‘एफ’ची पट्टी कितीही हलक्या हाताने दाबली तरी दणकून वाजू लागली. थोरली अकरा वर्षांची आहे. तिने तीन-चार वेळा ती पट्टी दाबून पाहिली आणि तिथूनच हाक मारली, “बाबा, ही एकटीच ओरडतेय.” दुरुस्ती केंद्राने चार दिवसांचा वायदा केला आणि वाद्य तीन आठवड्यांनी परत दिले, या दिरंगाईबद्दल माझी तक्रार कायम आहे. मात्र तिथल्या कारागिराने पट्ट्या काढून खालची रबराची पट्टी मला दाखवली आणि पांढऱ्या कपड्याने ती पुसली तेव्हा कपड्यावर फिकट पिठूळ धूळ आली. स्पर्शबिंदूंमध्ये अशी धूळ बसली की वेळेचे माप चुकते आणि हलका सूर मोठा ठरतो. धाकटा सात वर्षांचा आहे. त्याला कणीक मळायला फार आवडते आणि मळून झाली की तो तसाच पियानोकडे धावत असे, त्यामुळे धूळ कुठून आली याचा तपास करावा लागला नाही. आता पियानोच्या स्टँडला एक छोटा टॉवेल कायमचा अडकवलेला असतो. हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि मगच बसायचे, हा नियम आमच्याकडे मोठ्यांसह सर्वांना सारखा आहे.

त्या तीन आठवड्यांत स्वयंपाकघर फार शांत होते, आणि मी किती गोष्टी कानाने करत होतो हे मला तेव्हा कळले. थोरलीच्या बारा स्केल, म्हणजे ओळीने चढत-उतरत जाणाऱ्या सुरांचे सराव, वाजवून होतात तेवढ्यात मंद आचेवरचा कांदा गुलाबी होतो. ती स्केल संपवून धड्याकडे वळली की मी टोमॅटो घालायचा, हे कधी ठरवले नव्हते, पण तसे होत आले होते. वाद्य नसताना मी दोनदा कांदा करपवला. पत्नीने एकदा न विचारताच थोरलीच्या जुन्या सरावाचे मुद्रण फोनवर लावून ओट्यावर ठेवले आणि ती भाजी वेळेवर झाली.

यामुळेच हेडफोनविषयी माझे मत इतर अभिप्रायांपेक्षा वेगळे आहे. हेडफोन लावून कोणालाही त्रास न देता केव्हाही सराव करता येतो, हा डिजिटल पियानोचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो, आणि रात्री आजी झोपल्यावर किंवा शेजारी तान्हे बाळ असताना तो खरोखरच मोलाचा आहे. आमच्या वाद्याला हेडफोनसाठी दोन जागा आहेत, त्यामुळे विद्यार्थी आणि शिकवणारा दोघेही एकाच वेळी ऐकू शकतात, हेही चांगले आहे. पण आम्ही सुरुवातीचे दोन महिने संध्याकाळीसुद्धा हेडफोनच वापरले आणि तेव्हा दोन्ही मुलांचा सराव हळूहळू आटत गेला. थोरली वीस मिनिटांची बारा मिनिटे करू लागली. धाकट्याला तर कोणी ऐकत नसेल तर वाजवायचे कशाला हेच समजेना, आणि खरे म्हणजे त्याचे म्हणणे बरोबर होते. मग एका रविवारी आम्ही हेडफोन कपाटात ठेवून दिले. स्वयंपाकघरातून एखादे “वा!” किंवा “ती ओळ पुन्हा एकदा वाजव गं” एवढेच ऐकू आले तरी मूल बाकावर आणखी दहा मिनिटे बसते, हा आमचा दोन वर्षांचा अनुभव आहे. ज्यांना हेडफोन रोज वापरावेच लागतात त्यांनी आवाजाची पातळी स्वतः तपासून ठरवून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मोठ्यांसाठी ती तितक्याच तासांना ८० डेसिबल आहे.

हेडफोन लावलेले असताना घर पूर्णपणे शांत होते, असेही समजू नये. आत हातोड्या असल्यामुळे पट्ट्यांची ठकठक बाहेर ऐकू येते आणि स्टँडमधून ती फरशीपर्यंत उतरते. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर स्टँडच्या पायांखाली जाड रबर किंवा गालिचा ठेवणे आवश्यक आहे. मला स्वतःला या ठकठकीचा त्रास कधी झाला नाही. उलट सूर अजिबात नसताना केवळ ठोक्यांवरून थोरली कोणता धडा वाजवते आहे आणि कुठल्या ओळीवर अडखळली आहे, हे मला ओट्याशी उभ्या उभ्या ओळखता येऊ लागले. ती हेडफोन काढून विचारते, “तुम्हाला कसं कळलं?” आणि मी तिला तो ताल ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवतो. तालाची चूक सुरांच्या गर्दीत लपते, नुसत्या ठोक्यांत ती लगेच उघडी पडते. तिच्या शिक्षिकेला हे सांगितले तेव्हा त्यांनी हाच सराव आठवड्यातून एकदा मुद्दाम करायला सांगितला.

धाकट्याने या वाद्याचा जो उपयोग शोधून काढला तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. एके दिवशी जेवणाआधी तो फ्रिजला कान लावून उभा होता आणि म्हणाला, “बाबा, फ्रिज गातोय.” मग तो धावत पियानोपाशी गेला आणि डावीकडच्या पट्ट्या एकेक दाबत फ्रिजचा सूर शोधू लागला. खर्जातल्या ‘जी’पाशी तो थांबला आणि हे जवळजवळ बरोबर आहे, पण अगदी बरोबर नाही, असे त्याने जाहीर केले. त्याचा कान खरा होता. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण बहुधा तिच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर ऐकू येते, आणि पियानोवरचा तो ‘जी’ ९८ हर्ट्झचा आहे. त्याला ती पट्टी दाबून धरायला सांगितले आणि आम्ही दोघे श्वास रोखून ऐकत राहिलो, तेव्हा दोन सुरांच्या भांडणातून येणारे हेलकावे स्पष्ट जाणवले, साधारण सेकंदाला दोन. तारांचा पियानो सुरात लावणारे कारागीर याच हेलकाव्यांवर कान ठेवून काम करतात. हेलकावे संथ होत होत थांबले की सूर जुळला. त्या संध्याकाळी जेवायला उशीर झाला. त्यानंतर कुकरची शिट्टी, मिक्सर, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि स्टीलच्या पातेल्यांची झाकणे या सर्वांचे सूर शोधून झाले आहेत. शिट्टीचा सूर चढत जातो म्हणून तिला पट्टी नाही, असा निकाल लागला. एका झाकणावर मात्र त्याने चिकटपट्टीने सुराचे नाव लिहिलेला कागद लावला आहे आणि धुताना तो निघाला की तो नवा लावतो.

वाद्यातल्या मेट्रोनोमविषयी, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देत राहणाऱ्या सोयीविषयी, थोडे सांगायला हवे. योहान मेल्झेल याने १८१५ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ते लोलकाचे यंत्र आता एका बटणात सामावले आहे. आमच्या थोरलीला ते सुरुवातीला अजिबात आवडत नसे, कारण ते थांबत नाही आणि कोणाचेही ऐकत नाही. ते तिला आवडू लागले ते कणकेमुळे. धाकटा कणीक मळताना दोन मिनिटांत कंटाळून “झाली!” म्हणत असे, म्हणून तिने मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला आणि आठ मिनिटे, म्हणजे ४८० ठोके, प्रत्येक ठोक्याला एकदा हात दाबायचा असा नियम केला. कणीक उत्तम झाली. त्याला लय समजली, आणि तिला मेट्रोनोमचा राग का येत होता हे तिचे तिलाच कळले: तो एकटा ऐकला की टीकाकार वाटतो, सोबत कोणी असले की खेळ वाटतो, असे ती म्हणाली.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. शेकडो वाद्यांचे आवाज आणि तयार ताल यांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. पहिल्या आठवड्यात मुलांनी ते सगळे वाजवून पाहिले आणि त्यानंतर पियानोचा मूळ आवाज सोडून कोणी कुठे गेले नाही. एकाच वेळी ६४ सूर वाजू शकतात, हा आकडा दहा बोटांच्या मानाने मोठा वाटतो, पण पेडल दाबून ठेवले की जुने सूर रेंगाळत राहतात आणि नव्यांची भर पडते, त्यामुळे पुढे जाऊन मोठ्या रचना वाजवायच्या असतील तर १२८ सुरांचे वाद्य घ्यावे. पट्ट्यांचे दोन सारखे भाग करून दोघांना एकच सप्तक देणारी सोय आमच्याकडे फार उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे मधल्या ‘सी’वरून होणारे भांडण कायमचे मिटले. सूर वर-खाली सरकवणारे बटण मात्र इतक्या सहज दाबले जाईल अशा जागी द्यायला नको होते. धाकट्याकडून ते नकळत दाबले गेले आणि सगळे वाद्य अर्ध्या सुराने चढले, तेव्हा थोरली जवळजवळ रडकुंडीला आली. सगळ्या पट्ट्या बरोबर दाबूनही धडा चुकीचा का ऐकू येतो, हे तिला सांगता येत नव्हते आणि आम्हाला ऐकू येत नव्हते. वाद्य बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा सूर जागेवर आला.

उणिवा तीन आहेत. स्पीकर लहान असून त्यांचे तोंड खाली आहे, त्यामुळे खर्ज दबलेला येतो आणि स्वयंपाकघरातला पंखा लावला की डाव्या हाताचे वादन मला जवळजवळ ऐकूच येत नाही. मी आता सरावाच्या वेळी पंखा मंद ठेवतो आणि खिडकी उघडतो. सोबत मिळालेले पेडल चौकोनी आणि हलके आहे, ते फरशीवर पुढे पुढे सरकत जाते आणि मुलाचा पाय त्याच्या मागे जातो. तिसरी उणीव स्टँडची आहे. फुलीच्या आकाराचे घडीचे स्टँड मुळीच घेऊ नये, जोरात वाजवताना ते डुलते आणि गुडघ्यांनाही आड येते. चार पायांचे, फळीचे स्टँड घ्यावे.

बसण्याची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावे आणि पाय अधांतरी लोंबकळू नयेत, असे शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यामुळे उंची बदलणारे बाक आम्ही घेतले, पण धाकट्याच्या पायाखाली देण्यासाठी वेगळे काही मिळेना. शेवटी ओट्याशी उभे राहून मदत करण्यासाठी त्याला दिलेला लाकडी पाट त्याने स्वतःच पियानोखाली नेला. आता तो पाट दिवसातून चार-पाच वेळा ते आठ पावलांचे अंतर इकडून तिकडे करतो आणि तो कुठे आहे यावरून धाकटा सध्या काय करतो आहे, ते न विचारता कळते.

मुद्रणाच्या सोयीविषयी शेवटी लिहितो. वाद्यात जे मुद्रण होते ते आवाजाचे नसते. १९८३ मध्ये प्रत्यक्ष वापरात आलेल्या मिडी पद्धतीप्रमाणे कोणती पट्टी, केव्हा आणि १ ते १२७ पैकी किती जोरात दाबली, एवढ्याच नोंदी ठेवल्या जातात आणि ऐकताना वाद्य त्या नोंदींवरून धडा पुन्हा वाजवते. चुका तपासायला हे फार सोयीचे आहे, थोरली रोज वापरते. पण दूर राहणाऱ्या आजोबांना पाठवण्यासाठी आम्ही एकदा हे मुद्रण आणि एकदा फोनवर केलेले साधे मुद्रण, अशी दोन्ही तयार केली. पहिले स्वच्छ होते. दुसऱ्यात उलथणे कढईला लागल्याचा आवाज आहे, भाजीत पाणी ओतल्याचा चर्र आवाज आहे, तिसऱ्या ओळीवर धाकटा “ताई, आता माझी पाळी” असे म्हणतो, आणि शेवटचा सूर विरण्याआधीच मी “ताटं घ्या” म्हणून हाक मारलेली ऐकू येते. आजोबांनी दोन्ही ऐकली आणि दुसरे पुन्हा मागवून घेतले, कारण पहिले त्यांच्याकडून चुकून पुसले गेले तरी चालेल, पण हे जाता कामा नये, असे त्यांनी फोनवर सांगितले.

पेडल बदलण्यासाठी मी मागच्या आठवड्यात तळाला रबर असलेले, जड, खऱ्या पियानोच्या पेडलसारखे लांबट पेडल मागवले आहे. ते आले की जुने धाकट्याला हवे आहे. ते दाबल्यावर मिक्सर सुरू होईल का, हे त्याला पाहायचे आहे.